स्टिरप टाइट्स : नेफा घसरतो, पट्टी काचते, गुडघ्याला फुगे येतात. दोष कुठे शोधायचा?

सुईदोरा

स्टिरप टाइट्स, म्हणजे तळव्याखालून जाणारी पट्टी (स्टिरप) असलेल्या अंगाबरोबरच्या लेगिंग्ज, पुन्हा सगळीकडे दिसायला लागल्या आहेत. नाचाच्या वर्गात आहेत, जिममध्ये आहेत, लांब कोटाखाली टाचांच्या बुटांवरही आहेत. तक्रारी मात्र ठरलेल्या तीन, ज्या शीर्षकात दिल्या आहेत. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, ते म्हणजे उभं माप. लेगिंग्ज निवडताना आपण कमर आणि नितंबांचा घेर बघतो. साध्या लेगिंग्जला ते चालून जातं, स्टिरपला नाही.

साधी, घोट्याशी संपणारी लेगिंग्ज घालून उकिडवं बसलं की मोहरी दोन-चार सेंटिमीटर वर सरकते. नितंब आणि गुडघा वाकला की त्या बाजूची कातडी ताणते, कापड तेवढं पुरत नाही, म्हणून ते मोकळ्या टोकाकडून लांबी ओढून घेतं. स्टिरपमध्ये हे टोक तळव्याखाली अडकवलेलं असतं. आता लांबी मिळणार ती एकतर कापडाच्या उभ्या ताणातून, नाहीतर नेफ्यातून. कापड उभं ताणत नसेल तर नेफा खाली येतो. नेफा घट्ट नाडीने अडवला, तर सगळा ओढा पट्टीवर जातो आणि ती तळव्यात रुतते.

माप असं घ्यावं. कमरेवर जिथे नेफा बसवायचा तिथून टेप बाहेरच्या बाजूने खाली घोट्यापर्यंत, तिथून तशीच पुढे तळव्याच्या कमानीच्या मध्यापर्यंत. समजा हे १०४ सेंमी भरलं. तयार टाइट्स सपाट जमिनीवर पसरून, न ओढता, नेफ्याच्या वरच्या कडेपासून पट्टीच्या तळापर्यंत मोजा. २२० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड लेगिंग्जच्या कापडात ही लांबी ९४ ते ९८ च्या दरम्यान हवी. ९० च्या खाली असेल तर उभं राहिल्यावर ठीक वाटेल, बसल्यावर नेफा घसरेल. १०२ असेल तर पट्टी सैल पडेल आणि टाचेमागे जाईल. ४० ते ८० डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पातळ विणीच्या टाइट्सना हा हिशेब लावू नये. त्या न ताणता निम्म्या दिसतात आणि चिक्कार ताणतात.

गिरकी

नेमकं बोललात. कापडाच्या उभ्या ताणाबद्दल थोडी भर घालते. ‘फोर-वे स्ट्रेच’ असं लिहिलेलं कापडही दोन्ही दिशांना सारखं ताणत नाही, बहुतेक कापडं आडवी जास्त ताणतात. कापडावर उभ्या दिशेने १० सेंमीवर दोन टाचण्या लावा, मोजपट्टीशेजारी धरून ओढा. १४ सेंमीपर्यंत सहज गेलं पाहिजे. तिथे अर्धा मिनिट धरून सोडा. १०.३ च्या आत परत आलं तर कापड घ्यावं, १०.८ वर थांबलं तर ठेवून द्यावं. गुडघ्याचे फुगे येतात ते याच न परतलेल्या आठ मिलिमीटरमधून.

इलॅस्टेन (कापडाला ताण देणारा लवचीक धागा) किती टक्के आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये. सैल विणीच्या २० टक्के इलॅस्टेनपेक्षा घट्ट विणीचं १२ टक्केवालं कापड अनेकदा जास्त चांगलं परततं.

निळीशाई

एक साधी शंका. घसरत असेल तर एक साइज मोठी घ्यावी, असं दुकानात सांगतात. ते कितपत खरं?

सुईदोरा

अजिबात घेऊ नये. साइज वाढते तेव्हा मुख्यतः घेर वाढतो. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात आतल्या पायाची लांबी सगळ्या साइजना एकच असते. मोठी साइज घेतलीत की कंबर सैल, मांडी सैल, आणि उभी ओढ होती तिथेच. नेफ्याची पकड गेल्यामुळे घसरणं उलट वाढतं. ‘टॉल’ किंवा ‘लाँग’ लांबी मिळते का ते बघावं. नाही मिळाली तर मूळ साइजच घेऊन पट्टी उसवावी आणि लांब पट्टी लावावी. तो सोपा उपाय आहे, खाली लिहितेच.

चवडा

नाचणाऱ्यांसाठी वेगळा मुद्दा. पाऊल जमिनीवर सपाट असताना पट्टी कमानीत बसते, कारण पायाचा ओढा वरच्या दिशेने आणि पाऊल त्याला काटकोनात. पॉइंट केलं, म्हणजे बोटं खाली ताणली, की पाऊल पायाच्या रेषेत येतं आणि तोच ओढा पट्टीला तळव्यावरून टाचेकडे खेचतो. मग ती टाचेच्या गादीच्या पुढच्या कडेला अडकते. गिरकीत चवडा मोकळा राहतो म्हणून स्टिरप घालायची, आणि पट्टी टाचेखाली आल्यामुळे प्लिएमध्ये (गुडघे वाकवून खाली जाताना) पाय डगमगायचा, असा उफराटा प्रकार होतो.

उपाय बेतण्यातच करावा लागतो. पट्टीचा मध्य घोट्याच्या हाडाच्या मध्यरेषेवर न ठेवता १ ते १.५ सेंमी बोटांच्या बाजूला घ्यायचा. तयार टाइट्समध्ये हे बघायचं असेल तर त्या सपाट पसरा. पट्टी मोहरीच्या बरोबर मध्यात असेल तर ती फॅशनची, पुढच्या बाजूला झुकलेली असेल तर नाचाची, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही.

बॅलेसाठी तळव्याला भोक असलेल्या कन्व्हर्टिबल टाइट्स मिळतात. पॉइंट शूज घालायचे असतील तर त्याच बऱ्या, बोटांवर ओढून घेता येतात. लिरिकल आणि कंटेम्पररी या नृत्यशैलींत, जिथे टाच व चवडा दोन्ही उघडे हवेत, तिथे स्टिरप.

समांतर_दांड्या

जिम्नॅस्टिक्सचं उदाहरण सुईदोरा यांच्या मुद्द्याला तंतोतंत लागू पडतं. पुरुषांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार्स आणि हॉरिझॉन्टल बार या चार साधनांवर लांब पँट आणि मोजे घालावे लागतात. फ्लोअर आणि व्हॉल्टला आखूड चड्डी चालते. या लांब पँटच्या खाली स्टिरप असतं आणि बऱ्याचदा वर खांद्यावरून जाणारे इलॅस्टिकचे पट्टे. खालून ओढ आहे, तर वरूनही धरायला काहीतरी हवंच. नुसत्या नेफ्यावर ती पँट पॉमेल हॉर्सवरच्या फ्लेअर्समध्ये (पाय फाकवून गोल फिरवण्यात) जागेवर राहणार नाही. हिवाळी सायकलिंगच्या बिब टाइट्समध्येही काही वेळा स्टिरप असतं, तिथेही खांद्याचे पट्टे असतातच.

या पँट घेताना पायाच्या लांबीइतकंच खांद्यापासून आसनापर्यंतचं (दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंतचं) माप तपासावं. खांद्याचे पट्टे आखूड पडले तर आसन वर खेचलं जातं आणि पाय उंच उचलताना त्रास होतो. मोजे पट्टीच्या आत घालावेत. पट्टीवरून मोजा चढवला तर पट्टी आत सरकून गोळा होते आणि पायाची रेष मोडते. ती रेष सरळ दिसावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.

वस्त्रपुराण

थोडा इतिहास. तळव्याखालचा पट्टा घोडेस्वारीच्या पँटमध्ये आधीपासून होता. जोधपुरी ब्रीचेस आखूड बुटांवर घालतात तेव्हा बुटाच्या तळाखालून इलॅस्टिक अडकवतात, ते अजूनही चालू आहे. मोठं वळण आलं ते स्कीइंगमुळे. १९५२ मध्ये जर्मनीच्या बोगनर कंपनीने हेलांका या लवचीक नायलॉन धाग्याची स्की पँट आणली आणि अंगाबरोबर चालणारी, ताणलेली पँट ही कल्पना रुजली. तोवर अशा पँट न ताणणाऱ्या गॅबर्डिनच्या असायच्या, म्हणजे ओढ होती पण कापडाची साथ नव्हती. १९५८ मध्ये ड्युपाँटमधल्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स, म्हणजेच इलॅस्टेन, तयार केलं. १९८० च्या दशकात एरोबिक्सबरोबर स्टिरप लेगिंग्ज घरोघर पोचल्या त्या या धाग्याच्या जोरावर.

बेसबॉलमधलं स्टिरप मात्र वेगळ्या कारणाने आलं. रंगीत मोज्यांचा रंग पक्का नसायचा, बुटाच्या खिळ्यांनी पायाला जखम झाली की तो आत जाऊन विषबाधा होईल अशी भीती होती. म्हणून आत पांढरा मोजा आणि वर संघाच्या रंगाचा, टाच-बोटं नसलेला स्टिरप मोजा. रंग पक्के झाले तरी प्रथा राहिली. पुढे पुढे त्याची खाच इतकी वर गेली की पोटरीच्या दोन बाजूंना फक्त एकेक रंगीत फीत उरली.

निळीशाई

वस्त्रपुराण, भारी माहिती! सुईदोरा, पट्टी बदलायची कृती द्या ना. साध्या लेगिंग्जला पट्टी लावायची असेल तर तीच चालेल का?

सुईदोरा

तीच चालते. फक्त मोहरी घोट्याच्या हाडापर्यंत तरी यायला हवी, पोटरीवर संपणाऱ्या लेगिंग्जला लावू नये. तिथे पट्टी दोन बाजूंना उघड्या दोऱ्यांसारखी लोंबते.

लेगिंग्ज घालून उभं राहा. दुसऱ्या कुणाला तरी माप घ्यायला सांगा, स्वतः वाकलं की माप चुकतं. आतल्या बाजूच्या मोहरीच्या कडेपासून, कमानीखालून, बाहेरच्या बाजूच्या मोहरीच्या कडेपर्यंत टेप. वजन दोन्ही पायांवर सारखं. समजा २२ सेंमी आलं. त्यातून १० टक्के वजा केले की साधारण २० सेंमी. दोन्ही टोकांना २-२ सेंमी माया धरून २४ सेंमी कापायचं. इलॅस्टिक २.५ ते ३ सेंमी रुंद, मऊ पाठीचं, ज्याला ब्राचे पट्टे शिवणारे ‘प्लश’ म्हणतात ते. दीड सेंमीपेक्षा अरुंद पट्टी काचते. ४ सेंमीच्या वरची कमानीत दुमडते आणि त्या घडीचाच फोड येतो.

मोहरीवर खडूने घोट्याची मध्यरेष आखा, तिच्यापुढे सव्वा सेंमी खूण करा. चवडा यांनी सांगितलेली जागा तीच. आत आणि बाहेर दोन्हीकडे. पट्टीचं टोक मोहरीच्या आतून २ सेंमी वर सरकवून आधी धावदोरा घाला, मशीन नाही. लेगिंग्ज घालून तीन गोष्टी करून बघा : उकिडवं बसणं, एक पाय खुर्चीवर ठेवणं, चवड्यावर उभं राहणं. नेफा दोन सेंमीपेक्षा जास्त खाली आला तर पट्टी एक सेंमी लांब करा. चवड्यावर उभं राहिल्यावर पट्टी टाचेकडे सरकली तर आणखी अर्धा सेंमी पुढे घ्या. मगच मशीनवर.

सुई ७५/११ स्ट्रेच. दोरा पॉलिएस्टर, सुती नको, ताणल्यावर पहिल्यांदा तोच तुटतो. झिगझॅगची लांबी २.५ मिमी, रुंदी १.५ मिमी. दोन सेंमीच्या त्या मायेवर चौकोन शिवायचा आणि मध्ये फुली मारायची. नुसती एक आडवी टीप मारली तर तिथे कापडाला भोकं पडतात, आणि पट्टी तुटायच्या आधी लेगिंग्ज फाटते. उलट-सुलट टीप एकाच जागी तीन-चारदा मारून ‘पक्कं’ करू नये, त्यानेही हेच होतं.

गिरकी

अखंड बेतलेल्या स्टिरपबद्दल लिहायचं राहिलं. पट्टी वेगळी न लावता पायाचाच तुकडा खाली आत आणि बाहेर दोन जिभांसारखा वाढवायचा, टाच आणि पावलाच्या पाठीकडे कोरायचं आणि जिभा एकमेकींना जोडायच्या. दिसायला जास्त सुबक, कारण पायाची रेष तुटत नाही. इथे लांबी १० टक्के नाही, ५ ते ८ टक्केच कमी करायची, कारण कापड इलॅस्टिकइतकं मागे खेचत नाही.

जोड कुठे येतो त्याकडे लक्ष द्या. कमान उंच असेल तर कमानीखाली आलेला जोड बोचत नाही, तिथे वजन पडत नाही. तळवा सपाट असेल तर तोच जोड दर पावलाला चिरडतो. अशा पायांसाठी बाहेरची जीभ लांब ठेवून तळव्याखालून आतपर्यंत आणावी आणि जोड आतल्या घोट्याखाली, बाजूवर घ्यावा. फ्लॅटलॉक (सपाट जोड शिवणारं) मशीन नसेल तर दोन्ही मायांना वेगवेगळं झिगझॅग करून दोन बाजूंना उघडून बसवा. ओव्हरलॉकचा जाड जोड तळव्याखाली येऊ देऊ नये.

कोरलेल्या कडा तशाच ठेवल्या तर पाच-सहा धुण्यांत लाटा येतात. ६ मिमीचं पोहण्याच्या कपड्यांचं इलॅस्टिक आतून झिगझॅगने लावून कड एकदा दुमडावी. सरळ भागात न ओढता, टाचेच्या गोलाईवर किंचित ओढून. किंचित म्हणजे १० सेंमीला अर्धा सेंमी, त्याहून जास्त ओढलं तर टाचेमागे चुण्या पडतात.

धावपट्टी

पळण्यासाठी स्टिरप घ्यावी का, असं विचारलं जातं. आमचं मत : घेऊ नये, किंवा घेतलीच तर फक्त थंडीत, मोहरी आणि मोज्यामधली फट बंद ठेवण्यापुरती. बुटात पट्टी म्हणजे कमानीखाली अडीच-तीन मिलिमीटरची एक कड. लांब पळताना घामाने ती सरकते आणि घर्षण सुरू होतं. घालायचीच तर पट्टी मोज्याच्या वरून, थेट कातडीवर नको, आणि बुटाची नाडी बांधण्याआधी बोट फिरवून पीळ नाही ना हे बघायचं.

काँप्रेशनच्या बाबतीत जास्त जपून. पोटरीवर दाब देणाऱ्या टाइट्सला नुसती पट्टी असेल तर पावलाला दाब मिळत नाही. घोट्याच्या वर आवळलेलं, खाली मोकळं, त्यामुळे पाऊल सुजू शकतं. डॉक्टरांनी सूज किंवा शिरांसाठी काँप्रेशन सांगितलं असेल तर त्याऐवजी स्टिरप वापरू नये, त्यांनी सांगितलेलाच प्रकार घ्यावा. बोटं बधिर होणं, निळसर पडणं, मुंग्या येणं यातलं काहीही दिसलं तर पट्टी लगेच सोडवायची, ‘सैल होईल हळूहळू’ म्हणत बसायचं नाही.

बर्फावरची

स्केटिंगमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एकात पट्टी बुटाच्या आत, तळव्याखाली. यात धावपट्टी म्हणतात तीच अडचण, वर बूट कडक असल्याने दुप्पट. दुसऱ्यात टाइट्स बुटावरून खाली येतात आणि पट्टी बुटाच्या तळव्याखाली, ब्लेडच्या पुढच्या आणि मागच्या आधारांमधल्या मोकळ्या जागेतून जाते. पाय लांब दिसतो तो या दुसऱ्यामुळे. पट्टी ब्लेडच्या कडेला लागणार नाही इतकी ताठ हवी, सैल पट्टी कापली जाते. बूट घालूनच माप घ्यावं, अनवाणी घेतलेलं माप इथे काही कामाचं नाही.

स्कीच्या बुटातही आतल्या थराला पट्टी असली की दाबाचे ठिपके पडतात. पोटरीच्या मध्यावर संपणारा आतला थर आणि एकच पातळ लांब मोजा, ही जोडी जास्त सुखाची.

कोटाखाली

सगळं खेळाचंच चाललंय, फॅशनवाल्यांसाठी चार ओळी.

कापड पाँटे (जाड, दुहेरी विणीचं निटचं कापड) घ्या, २८० ते ३२० जीएसएम. जिमचं चकचकीत नायलॉन कोटाखाली जिमचंच दिसतं. पट्टी बुटाच्या आत की बाहेर, हे आधी ठरवा. टोकदार पंप्सवर पट्टी बाहेरून घेणं सध्या चालतं, पण बुटाच्या तळामुळे पट्टीला दीड-दोन सेंमी जास्त लागतात, आणि ती जमिनीवर घासून महिन्याभरात विरते. आत घेतली तर पट्टीचा रंग बुटाशी नाही, टाइट्सशी जुळवावा, म्हणजे पावलाच्या पाठीवर रेष अखंड दिसते. लोफरमध्ये आणि बॅलेरिना फ्लॅट्समध्ये ते फार छान दिसतं. गोल बोजड स्पोर्ट्स शूजमध्ये पट्टी दिसतच नाही, मग साधी लेगिंग्ज काय वाईट?

टाचेच्या बुटात पाऊल अर्धं पॉइंट केलेलं असतं, म्हणजे वर चवडा यांनी सांगितलेलं सरकणं इथेही होणार. सात-आठ सेंमीच्या टाचेवर घालायची असेल तर पट्टी पुढे झुकलेलीच निवडा. वरचा कपडा आसन झाकेल इतका लांब हवा. उभ्या ओढीमुळे आसनाशी रेषा पडतात, त्या इस्त्रीने जात नाहीत.

निळीशाई

शेवटचा प्रश्न, धुण्याचा. पट्टी बाकीच्या टाइट्सच्या आधीच का मरते?

सुईदोरा

कारण ताण, घाम आणि घर्षण तिन्ही तिथेच येतात, आणि वर आपण वाळत घालताना पट्टीलाच चिमटा लावतो. ओल्या जाड टाइट्सचं सगळं वजन त्या तीन सेंमीवर लटकतं. नेफ्याकडून दांडीवर टाकावी, सावलीत. धुताना उलटी करून जाळीच्या पिशवीत, ३० अंशांवर. फॅब्रिक सॉफ्टनर आणि क्लोरीनचं ब्लीच दोन्ही वर्ज्य, ड्रायरही. उष्णतेने आणि क्लोरीनने इलॅस्टेन ठिसूळ होतं. पट्टी ओढल्यावर आतून बारीक करकर ऐकू आली किंवा पृष्ठभागावर पांढरे केसांसारखे धागे बाहेर आले की आतलं रबर किंवा इलॅस्टेन तुटलेलं आहे. मग दुसरी टीप मारून उपयोग नाही. पट्टी उसवून नवी लावा, पण दोन्ही पायांची एकदम. एका पायाची नवी आणि एका पायाची जुनी ठेवली तर नेफा एका बाजूला खाली ओढला जातो.

चवडा

आणि उसवताना जुनी पट्टी फेकून देऊ नका. ताणली असली तरी ती कुठे आणि किती आत शिवली होती ते मायेच्या खुणांवरून कळतं. नव्या पट्टीचा हिशेब त्यावरून सुरू करायचा आणि वरची तीन हालचालींची चाचणी पुन्हा करायची.